श्वास मोजणारे साळवी डॉक्टर

गेल्या फेब्रुवारीतला दुसरा रविवार. सकाळचे सव्वानऊ. हजर: मी, माझी बायको सुनंदा आणि शेजारचे साळवी डॉक्टर. आकडा: बावीस.

हा आकडा माझ्या श्वासांचा. डॉक्टर दारातून आत आले, चहाचा कप हातात घेतला, मिनिटभर माझ्या पोटाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बावीस. जिना चढून आलात की घरात भांडण झालं?"

भांडण झालं होतं. सुनंदा आत निघून गेली.

साळवी डॉक्टर जनावरांचे. रोहा आणि पेण तालुक्यांत मिळून तेहतीस वर्षं सरकारी नोकरी केली आणि निवृत्तीनंतर रोह्याजवळ वरशाला आमच्या इमारतीत फ्लॅट घेतला. एकटे राहतात. लग्न केलं नाही. कारण विचारलं तर म्हणतात, "वेळ नव्हता, म्हशी अडत होत्या." आयुष्यभर न बोलणारे पेशंट पाहिल्यामुळे बोलण्यावर त्यांचा विश्वासच उरलेला नाही. कुणी तब्येतीचं रडगाणं लावलं की ते हात वर करून म्हणतात, "तोंड राहू द्या, कूस दाखवा." बसलेल्या म्हशीची कूस, म्हणजे बरगड्यांमागचा भाग, मिनिटात किती वेळा हलते यावरून तिचं दुखणं कळतं. माणसाचंही कळतं, असं त्यांचं म्हणणं.

सोसायटीच्या सभेत चेअरमन पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीबद्दल सांगत होते. डॉक्टर मागच्या खुर्चीवरून म्हणाले, "एकतीस." चेअरमननी विचारलं, "एकतीस काय?" "काही नाही. चालू द्या. आता चौतीस." टाकी अजून गळते आहे. एका लग्नात त्यांनी स्टेजवर जाऊन नवरीच्या बापाला सांगितलं, "मुलगी ठीक आहे. तुम्ही बसा."

त्यांच्या हॉलमध्ये देव नाहीत, नातेवाइकांचे फोटो नाहीत. भिंतीवर डॉल्फिनची चार चित्रं आहेत, तीही कातडी सोलून आतले अवयव दाखवणारी. टेबलावर डॉल्फिनच्या रोगांवरचे छापून आणलेले लेख, लाल पेनाने खुणा केलेले. सुनंदाने एकदा विचारलं, "डॉक्टर, म्हशींचं सोडून हे कुठं?" ते खुलले. डॉल्फिनला गुरांच्या बुळकांडीच्या चुलतभावासारखा रोग होतो, गायीला गाभ टाकायला लावणाऱ्या जंतूचा भाऊबंदही त्याच्यात सापडतो, फुफ्फुसात कृमी होतात, घाण पाण्याने कातडीवर चट्टे येतात, असं पाऊण तास सांगितलं. सुनंदा म्हणाली, "बिचारा मासा." डॉक्टरांचा चेहरा पडला. "मासा नाही हो. दूध पाजतो तो."

दर महिन्याला एसटीने पेणला जाऊन ते खाडीकाठच्या गावांत आपला फोन नंबर वाटत. लोक हसत. "ढोरांचं डाक्तर आता मावऱ्याचं झालं," म्हणत. मावरं म्हणजे मासळी. एवढा खटाटोप कशासाठी, ते कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही.

त्या रविवारी चहा संपायच्या आत त्यांचा फोन वाजला. पेणच्या खाडीवरच्या एका गावातून हिराबाई बोलत होत्या. मासळी विकतात, डॉक्टरांच्या ओळखीच्या. आवाज मला इथपर्यंत ऐकू आला. "डाक्तर, गादा लागलाय चिखलात. जित्ता हाय. लवकर या." गादा म्हणजे डॉल्फिन. ओहोटीत अडकला होता.

डॉक्टरांनी कप ठेवला. म्हणाले, "गाडी काढा. आणि वही घ्या. मी मोजीन, आकडे तुम्ही लिहा."

वरशाहून निघालो ते खांब, नागोठणं करत एक तास पाच मिनिटांत पोचलो. वाटेत त्यांनी वनखात्याला फोन केला. माणसं निघाली होती, पण त्यांना लांबून यायचं होतं.

चिखलावर पन्नासेक माणसं होती. डॉल्फिनच्या कपाळाला कुंकू, पुढे फोडलेला नारळ. पांडुरंग नावाचा एक गृहस्थ तांब्याने त्याच्या डोक्यावरच्या भोकात पाणी ओतत होता. डॉक्टरांनी चिखलात धावत जाऊन तांब्या हिसकावला. या माणसाला धावताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"पान्याबिगर मरंल ना तो," पांडुरंग म्हणाला.

"ते नाक आहे. तुझ्या म्हशीच्या नाकात तांब्या ओतून बघ."

"माझी म्हैस कंदीच इकली."

दोनचार जण हसले. डॉक्टर हसले नाहीत. हिराबाईंनी घरून दोन चादरी आणल्या. त्या भिजवून अंगावर घातल्या, नाक उघडं ठेवलं, छत्र्या धरल्या. परांखालचा चिखल हातांनी उकरून खड्डे केले, म्हणजे त्याच्याच वजनाने पर दुमडणार नाहीत. लांबी मी मोजली: दोन मीटर चौदा सेंटीमीटर. मग डॉक्टर शेजारी बसले आणि मोजू लागले. नऊ. अकरा. चौदा.

"मिनिटाला दोन-तीन पाहिजेत," ते मला म्हणाले. "आपला श्वास आपोआप चालतो. ह्याचं तसं नाही. ह्याला प्रत्येक श्वास ठरवून घ्यावा लागतो."

त्याच्या उच्छ्वासाला कुजका वास होता. कातडीवर गोल करडे चट्टे होते. डॉक्टरांनी हुंगलं, पाहिलं आणि मान खाली घातली.

आठ जण ताडपत्री घेऊन तयार होते. पांडुरंग म्हणाला, "चला, उचलू. पान्यात सोडू."

"नको. फुफ्फुसात पू आहे. हा वाट चुकून आलेला नाही, ताकद संपली म्हणून आलाय. सोडलात तर वर येऊन श्वास घेता येणार नाही. बुडेल."

"मंग औषद द्या."

"ह्यावर माझ्याकडे औषध नाही."

हिराबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "मंग तुमाला बोलवला कशाला? बसून मारायला?"

डॉक्टरांनी आणखी एक मिनिट मोजलं. मी तेरा लिहिलं. मग ते हिराबाईंकडे न बघता बोलले.

"बावीस वर्षांपूर्वी ह्याच खाडीत एक आला होता. तो आजारी नव्हता, नुसता अडकला होता. भरती येईपर्यंत सावलीत ठेवला असता तर गेला असता निघून. मला वाटलं सुकलाय, काहीतरी केलं पाहिजे. म्हशीच्या नाकातून नळी घातली की ती पोटात जाते. मी तशीच ह्या भोकातून घातली आणि दोन लिटर सलाईन ओतलं. ह्याच्या नाकाची वाट पोटात जातच नाही, फक्त फुफ्फुसात जाते. मला माहीत नव्हतं. चार मिनिटांत गेला. लोक म्हणाले, डाक्तरांनी लय केलं. हात जोडले. दोन पापलेटं बांधून दिली." ते थांबले. "मी घेतली."

हिराबाई खाली बसल्या आणि चादरीवर पाणी शिंपडू लागल्या, नाक सांभाळून.

दुपारी दोननंतर आकडे उतरले. सात. चार. दोन. मी म्हणालो, "डॉक्टर, दोन आले. बरा होतोय का?" त्यांनी मान हलवली, ती होकारार्थी नव्हती.

दोन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी मी शून्य लिहिलं.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "घेईल अजून. ठरवतोय तो." त्यांचा हात त्याच्या पाठीवर होता. आम्ही आणखी अकरा मिनिटं मोजली. मी अकरा वेळा शून्य लिहिलं, कारण ते प्रत्येक वेळी विचारत होते.

तीनला वनखात्याची माणसं आली. त्यांनी पंचनामा केला, नमुने घेतले, पुरायला परवानगी दिली. जवळच बांधबंदिस्तीचं काम चालू होतं, तिथला जेसीबी आला. डॉक्टरांनी खड्डा दोनदा खोल करून घेतला. चादरी आता वापरू नका, त्यांचे पैसे देतो, असं ते हिराबाईंना म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या त्याच्या अंगावर," हिराबाई म्हणाल्या. पैसे त्यांनी घेतले नाहीत.

जेसीबीवाल्याला पंधराशे रुपये द्यायचे होते. साडेसातशे मी पुढे केले. डॉक्टरांनी माझा हात बाजूला सारला, पंधराशे मोजून त्याच्या हातात ठेवले आणि मला म्हणाले, "ह्यात तुमचा वाटा नाही."

पंधराशे रुपये त्यांनीच दिले.