कापसात पुरलेलं आसव

या, असे उंबऱ्याशी कशाला बसलात? पुढं सरका, थंडी आहे. कीर्तनाला आलेल्या बुवांचे पाय धुऊन व्हायचेत, तेवढ्यात एक गोष्ट सांगून होते. गोष्ट हिवरखेडची आहे, कापसाला सोन्याचा भाव आला त्या सालातली. तिच्यात एक मडकं फुटतं. कुणाला लागत नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

हिवरखेडला पुंजाराम नावाचा एक कास्तकार होता. गळ्यात माळ, तोंडात भजन आणि घरात कुणी नाही. मूलबाळ झालं नव्हतं, आणि बायको सुभद्राबाई दोन वर्षांमागे देवाघरी गेली होती. ती असताना हिवाळ्यात त्या घरी माणसांची रीघ असे, कारण सुभद्राबाई मनुकांचं आसव करी. काळ्या मनुका, गूळ, लवंग-दालचिनी आणि मेळघाटातून येणारी धायटीची फुलं मडक्यात घालायची, तोंड माती-फडक्यानं लिंपायचं आणि महिनाभर ज्वारीच्या राशीत पुरून ठेवायचं. खोकल्यावर अक्सीर औषध. ज्याला त्याला वाटीभर लागे. वाटी घेऊन आलेलं माणूस घटकाभर टेके, आणि तेवढ्यात पुंजाराम त्याला दोन भजनं ऐकवून घेई.

ती गेली आणि वाट्या यायच्या थांबल्या. त्यातच सातासमुद्रापलीकडे कुठलीशी लढाई जुंपली म्हणे, आणि विलायतेला वऱ्हाडचा कापूस हवासा झाला. मग काय, गाव एकतर शेतात, नाहीतर गाडीवर अमरावतीच्या वाटेला. घराघरात आढ्यापर्यंत कापूस. मारुतीच्या ओवरीतसुद्धा कुणीतरी कापूस रचला, त्यामुळे कीर्तन बंद. पुंजाराम सकाळी दारात बसे, रस्त्यानं जाणाऱ्याला "राम राम" घाली. समोरून "राम राम" येई, पण चाक काही थांबत नसे.

त्याला एकच हवं होतं. कुणीतरी आत यावं आणि बसावं.

म्हणून यंदा आसव आपणच करायचं असं त्यानं ठरवलं. जिन्नस जमले. मडकं भरलं. सुभद्राबाई मडकं टीचभर रिकामं ठेवायची, पण ती भरत असताना हा शेजारी डोळे मिटून भजन म्हणत असे, त्यामुळे ते त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं गावभर पुरावं म्हणून काठोकाठ भरलं, आणि तोंडाला एक सोडून सात फडकी बांधली. ओल्या मातीत ढाकण असं दाबून बसवलं की मडक्याला श्वास घ्यायला जागा उरली नाही.

आता पुरायचं कुठं? ज्वारीची रास पाहिजे. पण ज्वारी यंदा पेरली कुणी? पुंजारामच्या वावरातही धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत कापूसच होता, खायची ज्वारी तो आठवड्याच्या बाजारातून चार पायल्या आणत होता. त्यानं माजघरातल्या कापसाच्या ढिगात हात घालून पाहिला. आत छान ऊब होती.

"ऊब ते ऊब," तो स्वतःशीच म्हणाला, "मडक्याले काय समजते?"

मडक्याला सगळं समजलं. ज्वारीत जे महिन्यानं व्हायचं, ते कापसाच्या दुलईत आठ दिवसांत सुरू झालं. मडकं आतून बुडबुडू लागलं. पुंजारामला कोण आनंद! इतक्या दिवसांनी घरात दुसरं कुणी आवाज करत होतं. तो ढिगाला टेकून बसे, अभंगाचं एक चरण म्हणे आणि थांबे. आतून "बुड्" असा आवाज आला की मागच्या टाळकऱ्यानं साथ दिल्यासारखी मान डोलावून पुढचं चरण घेई. अकराव्या दिवशी तर मडकं त्याच्या आधीच साथ द्यायला लागलं. त्याला वाटलं, रंग चढला.

बाराव्या दिवशी दुपारी मडकं फुटलं.

आवाज असा झाला की मारुतीच्या पारावरचे कावळे थेट तेल्हारा गावाकडे उडून गेले. कापसाचा ढीग उसळला आणि जांभळा होऊन खाली बसला. ढाकण सातही फडक्यांसकट छपराचं कवेलू फोडून वर गेलं आणि शेजारच्या दुर्गाबाईच्या अंगणात, चुलीवरच्या बेसनात पडलं.

दुर्गाबाई पळी घेऊनच आली.

"काहून जी पुंजाभाऊ, तोफ आणली का काय घरात? माहं बेसन गेलं ना बाप्पा!"

पुंजाराम डोक्यापासून पायापर्यंत जांभळा झाला होता. दोन महिन्यांत उंबरा ओलांडून आत आलेलं हे पहिलं माणूस.

"या या दुर्गाबाई," तो हरखून म्हणाला, "बसा!"

"बसू कुठी? तुमच्या डोक्यावर?"

पण वास तिच्याही पुढं गेला होता. गुळाचा, लवंगेचा, आणि त्यामागून आणखी कशाचा तरी. शेतातली माणसं वेचणी सोडून आली. वासापाठोपाठ गावातल्या दारूच्या दुकानाचा ठेकेदार आला, आणि त्यानं तेल्हाऱ्याला निरोप धाडून आबकारीचा नाईक बोलावला. "माह्या दुकानापुढं घरोघर भट्ट्या लावतान, त मी कायले ठेका घेतला?" असं तो ज्याला त्याला विचारत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाईक आला. उंच, झुपकेदार मिशांचा, मोठ्या पागोट्याचा. त्यानं पंचनाम्याला पाच पंच मागितले. तीस आले. त्यातले पाच निवडले, आणि म्हातारे खुशालराव पाटील मुख्य पंच झाले.

"मुद्देमाल कुठी हाय?" नाईकानं विचारलं.

"कापसात मुरला," पुंजाराम म्हणाला.

"मंग कापूस चाखा लागते."

पाच पंच ओळीनं बसले आणि प्रत्येकानं जांभळ्या कापसाचा एकेक बोळा तोंडात धरला. पाटलांनी डोळे मिटले. चोखल्याचा आवाज तेवढा येत होता.

"काय वाटते पाटील?"

"पयल्या बोळ्यानं सांगता येत नाई," पाटील गंभीरपणे म्हणाले. "कामात घाई नोको."

तिसऱ्या बोळ्यानंतर उरलेल्या पंचवीस जणांनी आपल्यालाही पंच करा म्हणून गलका केला. शेवटी दुर्गाबाई पुढं झाली. तिनं एक बोळा पिळून जिभेवर थेंब घेतला.

"सुभद्राबाईचंच आसव व्हय हे," ती हळू म्हणाली. "माह्या पोराची ढास यानंच गेली होती. दारू नाई, औषध हाय."

पाचही पंचांनी माना हलवल्या. ठेकेदार पाय आपटत गेला. नाईकानं काठी उचलली. "झालं त मंग. उठा, आपापल्या कामाले लागा."

माणसं उठली. कुणी धोतर झटकलं, कुणी बैलांचं निमित्त सांगितलं. उंबऱ्याशी जोड्यांचा ढीग होता, तो बघता बघता पाच-सहावर आला. पुंजाराम त्या जोड्यांकडे पाहत उभा होता. आयुष्यात त्यानं दारूच्या दुकानाकडे मान वळवली नव्हती.

"नाईक," तो मोठ्यानं म्हणाला, "हे दारूच हाय."

सगळे थबकले. गेलेलेही वाटेतून परत आले.

"पुंजाजी, गळ्यात माळ हाय तुमच्या," नाईक म्हणाला.

"हाय. माळबी हाय अन् दारूबी हाय."

"कैद होईन ना जी! कायले असं सांगून राह्यले?"

"होऊ द्या. पण चौकशी अशी उभ्या-उभ्या नोको. बसून करा. सगळ्यायले बसवा."

नाईकानं त्याच्याकडे पाहिलं. मग घराकडे पाहिलं. चुलीशी एक ताट, एक लोटा. दांडीवर एक घोंगडी. कोपऱ्यात दोन टाळ, त्यातला एकच घासलेला. त्यानं काठी पुन्हा भिंतीला टेकवली.

"कबुली दिली म्हन्ल्यावर अकोल्याले लिहा लागते," तो म्हणाला. "हुकूम येईपर्यंत मुद्देमाल हलवता येत नाई. मले इथंच पहारा द्या लागते."

आणि पहारा सुरू झाला. घरात गुन्हेगार आहे म्हटल्यावर येणारा-जाणारा डोकावू लागला, आणि डोकावला की टेकू लागला. दुर्गाबाई दोघांपुरतं बेसन पाठवी. पाटील रोज दुपारी फेरतपासणी म्हणून एक बोळा चोखून जात. पुंजाराम भजन म्हणे आणि नाईक टाळ धरी. नाईकाचा ताल दर दुसऱ्या मात्रेला चुके. पुंजाराम त्याला एकदाही बोलला नाही.

अकरा दिवस झाले. बाराव्या दिवशी सकाळी नाईकानं पागोटं बांधायला घेतलं आणि त्याच्या घडीतून एक कागद काढला.

"हुकूम. औषध हाय, सोडून द्या म्हन्ते."

"कधी आला जी?"

"आठ दिवस झाले."

"आठ दिवस! मंग सांगितलं काहून नाई?"

नाईकानं मिशीवरून हात फिरवला. "कागद आला तवा तुमचं भजन चालू होतं. भजनातून मधीच कसं उठावं, पुंजाजी?"

"अजी, पण आठ दिवस?"

"तुमी थांबलेच कुठी?"

पुंजारामनं कागदाची घडी करून परत दिली. मग नाईक खाली पाहून म्हणाला, "तेल्हाऱ्याले माह्या खोलीत निस्ती काठी हाय. ते काई टाळ धरत नाई."

तो उंबऱ्यापर्यंत गेला, तेव्हा पुंजारामला आठवलं की अकरा दिवस एका ताटात जेवून आपण याला नाव विचारलंच नाही. सारं गाव नुसतं नाईक म्हणत होतं. त्यानं मागून हाक मारून विचारलं.

"गोवर्धन," तो म्हणाला, आणि इतका संकोचला, जणू ते नाव त्यालाच बऱ्याच दिवसांनी ऐकू आलं होतं.

पुंजारामसाठी काही मागत नाही. त्याच्या घरी पुढं दर हिवाळ्यात माणसं यायला लागली. पण आज आरती झाली की आपल्या माणसांसाठी हात जोडाल ना, तेव्हा एकदा गोवर्धन नाईकाचंही नाव घ्या. घरी त्याचं नाव घेणारं कुणी नव्हतं. ताल त्याचा चुकायचा खरा, पण भजन चालू असताना तो कधी उठून गेला नाही.