अण्णांची नऊ भोकांची गाडी

मयताला आलेल्या पाहुण्याला बाजूला घेऊन, "गाडीचं चार्जिंगचं झाकण जरा उघडता काय?" असं विचारणारा माणूस मी एकच पाहिला. सदलग्यातले आमचे शेजारी, बाळगोंडाअण्णा. पाहुण्याचे डोळे अजून ओले, आणि अण्णा वाकून भोकं मोजतायत.

"वर सात, खाली दोन मोठी. तुमचं सुटलं बघा. कुठंबी जावा, चार्जर गावतोय."

अण्णांचं मात्र सुटलं नव्हतं. त्यांची इलेक्ट्रिक गाडी जुनी, सेकंडहँड. तिच्या फास्ट चार्जिंगची भोकंही नऊच, पण सगळी एकाच गोल तोंडात. घेताना, वायरमनकीत हयात घालवलेला हा गृहस्थ मला म्हणाला होता, "करंट तो करंट. भोकं काय मोजायची?" महिन्याभरात हायवेवरचा गोल तोंडाचा चार्जर काढून तिथं नव्या पद्धतीचा बसवला. तेव्हापासून अण्णा दिसेल त्या गाडीची भोकं मोजत सुटले.

हसावं तरी कसं? अण्णांच्या बायकोच्या, पद्माक्कांच्या, दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला बेळगाव गाठायचं, आणि गाडी एका चार्जवर जाऊन-येऊन पुरत नाही. येताना संकेश्वरजवळच्या एका हॉटेलात साध्या प्लगवर गाडी लावून दोघं चार-चार तास बसून. डॉक्टरांनी तर आता फार दिवस नाहीत म्हणून सांगितलेलं. माझी पेट्रोलची गाडी देऊ केली, तीही नको. मला अण्णांचा भयंकर राग यायचा.

शेवटी बेळगावच्या कॅम्पात मीच एक जुना चार्जर शोधून काढला. गोल, नऊ भोकं, आणि चालू! आक्का मशीनवर असतील तेवढ्यात गाडी भरून होईल, वाटेत थांबायलाच नको. मी धावत सांगायला गेलो. अण्णांनी आधी आत डोकावून आक्का झोपल्याची खात्री केली आणि मला अंगणात ओढलं.

"हळू बोल रं. मला तीन म्हैन्यांपास्नं म्हाईत हाय."

"मग आक्कांना उगीच कशाला ताटकळत ठेवता?"

"घरात ती डोळं मिटून पडत्या. तितं मशीनला बांधल्याली. त्या हॉटेलातल्या खुर्चीत बसली की तेवढी बोलती. म्हायेरचं, आमच्या लग्नातलं. परवा लई हसली." अण्णांनी पुन्हा एकदा आत डोकावून पाहिलं. "लौकर घरी आणून काय करू रं?"

इतके दिवस मी या माणसावर रागावलो होतो.

सोमवारी सकाळी त्यांनी आक्कांना धरून गाडीत बसवलं.

"आजबी चार्जर गावायचा न्हाय. येताना बसाय लागंल गं," अण्णा म्हणाले.

"बसू की," आक्का म्हणाल्या.