बिरादार सरांचे देवमासे

आमच्या गल्लीत कुणी बुलेटचे फटाके फोडत आला की बिरादार सर ओट्यावरून ओरडतात, "बोट आली!" आता अहमदपुरात कुठली बोट? समुद्र बघायचा तर अख्खी रात्र एसटीत काढावी लागते, आणि या माणसाने तो अजून पाहिलेलाही नाही. पण रिटायर झाल्यापासून डोक्यात जे देवमासे शिरलेत, ते निघायचं नाव घेत नाहीत. पिठाची गिरणी बोट, बोअरची गाडी बोट. माझ्या मिक्सरलाही बोट म्हणाले, तेव्हा मी त्यांना चांगलं झाडलं होतं.

त्यावर सरांनी मलाच ओट्यावर बसवून शिकवलं. देवमाशाची आई पिल्लाशी लई हळू बोलते. पाण्यात लांबचं दिसत न्हाई, सगळा संसार कानावर. बोटीच्या इंजिनाचा गोंगाट कोसच्या कोस जातो. मग काही देवमासे आवाज चढवून बघतात, काही तोंडचा घास सोडून निघून जातात.

"आन काही गप्पच बसतेत, ताई," सर म्हणाले. "ते वाईट."

मी हे खूळ म्हणून सोडून दिलं असतं. पण काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, पाठ असलेलं आधी परत येतं, तेच म्हणवून घ्या. सरांनी लग्नातला उखाणा धरला. रोज कानाशी लागून म्हणायचे, "उदगीरच्या बाजारातून आणली सुपारी, विश्वनाथरावांचं नाव घेते भर दुपारी." काकूंचे ओठ हलायला लागले होते. तेवढ्यात लग्नसराई आली, दिवसभर डीजे सुरू झाले, आणि काकूंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आता त्या कायमच्या गप्प होतात की काय, या धास्तीने सर वाळत चालले.

त्या दिवशी मी काकूंना पेज भरवत होते. नवरदेवाचा परण्या, म्हणजे लग्नाआधीची मिरवणूक, मारुतीच्या दर्शनाला निघाला होता, तो नेमका खिडकीखाली थांबला. डीजेने मांडणीतली भांडी थरथरली. काकूंनी ओठ मिटून घेतले, चमचा आत जाईना. सर उठले आणि थेट डीजेच्या गाडीपुढे जाऊन उभे राहिले.

पोरं प्यालेली. एकाने सरांची कॉलर धरली, आणि हे महाशय त्याला हातवारे करून देवमासे समजावतायत! मेल्यांनो, हात लावाल तर याद राखा, म्हणून मी खिडकीतून कोकलले, पण ऐकतंय कोण. शेवटी नवरदेवच घोड्यावरून खाली वाकला. सरांनी काकूंच्या खिडकीकडे बोट दाखवत त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्याने हात वर केला आणि डीजे थांबला.

सर धापा टाकत काकूंच्या उशाशी आले. "उदगीरच्या बाजारातून..."

"सु...पारी."

सर कान त्यांच्या ओठांशी नेऊन पुढच्या ओळीची वाट बघू लागले.

"विश्वनाथ," काकू म्हणाल्या.

नुसतं विश्वनाथ. उभ्या संसारात उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव न घेतलेली बाई, तिने 'राव' सुद्धा लावलं नाही. सर हसले, मग ढसाढसा रडायला लागले. मीही रडले, लाजू कशाला.

बाहेरून नवरदेवाने विचारलं, मुहूर्त टळू लालाय सर, वाजवू का?

"थांब रे लेका," सर मान न वळवता म्हणाले. "ती बोलू लालीय."

अख्खा परण्या उन्हात मुकाट उभा राहिला.