घरचं माणूस आणा

नोकरीत मी हजारावर बाळंतपणं केली. लाईट नसताना केली, दोन तर चालत्या जीपमध्ये केली. त्यामुळे निवृत्त झाल्यावर गाडी घेतली, तेव्हा मी सगळ्या दारव्ह्याला सांगत सुटले होते, की मथुरा सिस्टर यंत्राला घाबरत नाही. यंत्र निदान रडत तरी नाही.

सहा महिन्यांत तेही रडायला लागलं. यवतमाळच्या रस्त्यावर चढ आला की इंजिन उचकी लागल्यासारखे हिसके द्यायचं, समोर पिवळा दिवा लागायचा आणि गाडी थकल्या बैलासारखी मान टाकायची.

यवतमाळच्या शोरूममध्ये इंद्रजित नावाचा टाय लावलेला तरुण होता. तो गाडीत बसला की दिवा लागायचा नाही, हिसका बसायचा नाही. डॉक्टरसमोर खोकला पळतो तसं. पहिल्या वेळी तो म्हणाला, पेट्रोल खराब असेल. दुसऱ्या वेळी म्हणाला, तुमचा पाय क्लचवर राहत असेल. तिसऱ्या वेळी त्यानं खुर्ची जवळ ओढली आणि फार मायेनं म्हणाला, "मॅडम, पुढच्या वेळी घरचं कोणी माणूस सोबत आणा. म्हणजे नीट समजावून सांगता येईल."

पोटावर हात ठेवून बाळ आडवं आहे की उभं हे सांगणारी बाई मी. मला राग यायला हवा होता. पण घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता, की घरचं माणूस आणायचं कुठून? यजमान जाऊन सात वर्षं झाली. मुलगी मोनाली हैदराबादला. तिला फोन केला तर ती म्हणाली, आई, विकून टाक. तालुक्यातली निम्मी पोरं माझ्या हातावर जन्मली आहेत, रस्त्यात भेटली की वाकून नमस्कार करतात. पण मंगळवारी सकाळी गाडी दाखवायला सिस्टरसोबत यवतमाळला येईल, असं त्यातलं एकही नाव मला सुचेना.

शेवटी मी मंगळवारी शेअर जीपच्या स्टँडवर गाडी उभी केली. तिथं पांढऱ्या टोपीतले एक उंच म्हातारे गृहस्थ यवतमाळच्या जीपची वाट पाहत होते. मी हातानं खूण केली, यवतमाळ? त्यांनी मान हलवली. मी दार उघडलं, ते बसले. वाटेत मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, की तुम्ही फक्त शेजारी उभं राहायचं, बोलायचं मी. त्यांनी प्रत्येक वाक्याला मान हलवली. इतका समजूतदार पुरुष मला आयुष्यात भेटला नव्हता.

शोरूममध्ये इंद्रजितचा चेहरा उजळला. मला त्यानं काचेच्या खोलीत बसवून चहा दिला आणि त्या गृहस्थांना गाडीपाशी नेलं. मी काचेतून पाहत होते. इंद्रजित बोलत होता, ते मान हलवत होते. मग पेन आलं आणि त्यांनी झोकात सही केली. मी धावत बाहेर जाईपर्यंत गाडी आत गेली होती.

"इंजिन खोलावं लागेल, मॅडम," इंद्रजित म्हणाला. "साहेब हो म्हणाले."

"ते माझे साहेब नाहीत."

"मग कोण आहेत?"

"मले काय माहीत? स्टँडवर भेटले."

इंद्रजितनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या माणसाला काहीही ऐकू येत नाही.

परतीच्या बसमध्ये मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन चांगली खरडपट्टी काढली. अर्धी बस वळून पाहत होती. ते प्रसन्नपणे म्हणाले, "यात उपकार कायचे, सिस्टर." नाव पंजाबराव. तीस वर्षं जिनिंगमध्ये काढली, कापसाच्या यंत्रांनी कान नेले. राहायला माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून, एकटेच.

खरा गोंधळ पुढेच होता. सही घेताना इंद्रजितनं मोबाईल नंबरही त्यांचाच घेतला होता. पंजाबरावांच्या सुनेनं फोनच्या पाठीवर नंबरची चिठ्ठी चिकटवून ठेवली होती, तीच पाहून त्यानं लिहून घेतला. म्हणजे गाडी माझी आणि तिची खबर जाणार अशा माणसाला, ज्याला फोन ऐकूच येत नाही.

तिसऱ्या दिवशी चारच्या सुमारास दार वाजलं. पंजाबराव थरथरणारा फोन दोन्ही हातांत धरून उभे होते. "सिस्टर, तुमची गाडी बोलून राह्यली."

फोनवर शोरूमचं नाव होतं; तिथली राखी नावाची मुलगी पुन्हा पुन्हा लावत होती. नागपूरहून सामान आलं नाही, एवढंच तिला सांगायचं होतं. ते झाल्यावर माणसाला दारातून कसं परतवायचं? मी चहा ठेवला.

मग हे रोजचं झालं. चारला राखीचा फोन, सव्वाचारला पंजाबराव. सामान आलं नाही, चुकीचं आलं, बरोबर आलं पण माणूस रजेवर आहे. मी मोठ्यानं बोलायचे, ते अर्धं ऐकून जिनिंगमधल्या गोष्टी सांगायचे. शेजारच्या अमिनाबीनं विचारलं, लग्न केलं म्हणे सिस्टर? मी म्हटलं, गाडी बिघडली आहे. ती म्हणाली, हां, अच्छा, आणि हसत आत गेली.

पंचविसाव्या दिवशी गाडी आली. इंजिनाला काहीच झालं नव्हतं. उंदरानं एक वायर कुरतडली होती आणि चढावर ती सुटायची. इंद्रजितनं माफी मागितली आणि मोठ्या अभिमानानं सांगितलं, की नंबर दुरुस्त केला आहे, आता फोन थेट तुम्हालाच येतील.

गाडी लोण्यासारखी चालायला लागली. दुसऱ्या दिवशी सव्वाचार झाले. साडेचार झाले. तिसऱ्या दिवशीही कोणी आलं नाही. येणार तरी कशाला? चौथ्या दिवशी मी दोन कप चहा एकटीनं प्यायले आणि गाडी काढली.

पंजाबराव ओट्यावर बसले होते. "चहाले चाला," मी गाडीतून म्हटलं.

"आँ?"

"चहाले!" मी ओरडले. सहा घरांची दारं उघडली. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं, त्यांना सोडून.

"बंद पडली काय?" ते म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत चपला घालून गाडीच्या मागे जाऊन वाकलेही.

आता खरं सांगू का? मी इंजिन बंद केलं आणि गाडी न्यूट्रलला टाकली. दहा पावलं त्यांनी ढकलली, मग मी हळूच चावी फिरवली. ते धापा टाकत, खूश होऊन शेजारी येऊन बसले.

"झाली चालू," ते म्हणाले.

मी त्यांच्या कानाशी वाकले. "हो. पण भरवसा नाही हिचा. घरापर्यंत सोबत या."

हे त्यांना बरोबर ऐकू गेलं.