पश्चात्ताप विभागातली बसण्याची सोय

चर्चच्या मंडळीची आत्मिक शुद्धता राखण्याचं काम आकाराम सातपुते ऊर्फ अण्णांकडे सोपवण्यात आलं, त्यामागे विचार होता. कागलच्या एका फौंड्रीत माल तपासण्यात त्यांची हयात गेली होती. कास्टिंगमधलं केसाएवढं छिद्रही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. निवृत्तीनंतर ती नजर घरात रिकामी फिरायची आणि त्याचा त्रास त्यांच्या पत्नी एस्तेरबाईंना व्हायचा.

पहिल्याच रविवारी तरुण विजयसिंह सापडला. उपासना चुकवून तो फुटबॉलचा सामना बघायला गेला होता. अण्णांनी त्याला पुढून उठवून दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसवलं आणि त्या बाकाला 'पश्चात्ताप विभाग' असं नाव दिलं. एक गोष्ट मात्र तपासायची राहून गेली. चर्चमधला धड फिरणारा एकमेव पंखा त्याच बाकाच्या डोक्यावर होता, आणि उपासनेनंतरचा चहाही त्याच दाराशी मिळायचा.

पुढच्या रविवारी धोंडुबाई आल्या.

"अण्णा, मलाबी तितं बसवा की. सुनंला वंगाळ बोलले."

"ते पाप न्हाय. रोजचं बोलणं हाय."

"मग ह्या वयात मोठं कुठनं आणू?"

अण्णांनी नियम केला: पाप सिद्ध करायला दोन साक्षीदार हवेत. धोंडुबाई सून आणि विहीण, दोघींना घेऊन हजर झाल्या. त्या दोघींनी इतक्या आवडीने साक्ष दिली, की चहाडीच्या सदराखाली त्यांनाही विभागात दाखल करून घ्यावं लागलं.

मग रीघ लागली. काहींनी खोटी पापं आणली. अण्णांनी ती तिथल्या तिथे पकडली. पण देवाच्या घरात खोटं बोलणं हेच पाप असल्यामुळे त्यांना जागा देणं नियमाला धरूनच होतं. बाक पुरेना, तसे पुढचे बाक मागे ओढले. शेवटी एस्तेरबाई उठल्या.

"तू काय केलंस?"

"मनातल्या मनात लई बोलले."

"कुणाला?"

"ते इचारू नका. एक साक्षीदार देव हाय, दुसरी शेजारीण."

पुढच्या बाकावर अण्णा एकटे उरले. मागे आवाज पोचेना म्हणून पाळक जयसिंग तिकडेच जाऊन उपदेश करू लागले. अण्णांना त्यांची पाठ तेवढी दिसे. गीत सुरू झालं की त्यांचा एकट्याचा सूर पुढे आणि बाकी सगळ्यांचा मागे. घरी एस्तेरबाई बाकावरच्या गमती आठवून हसायच्या, त्या अण्णांना कळायच्या नाहीत. आठवडाभर त्यांनी स्वतःला कसून तपासलं. काही म्हणता काही सापडलं नाही.

रविवारी ते पाळकांपाशी गेले. "साहेब, माज्याकडं पाप न्हाय. पण एकटं बसवंना झालंय."

पाळक अवघडले. "नियम तुमचाच हाय, अण्णा. निदान दोन साक्षीदार..."

मागचे सगळेच्या सगळे उभे राहिले. सर्वांत आधी एस्तेरबाई.

साक्षी सुरू झाल्या. चहा उकळून उकळून आटला, तरी संपेनात. आपण मागे कशासाठी बसलोय, हे कुणाला आठवेना. सगळ्यांचे चेहरे उजळले होते. अखेर विजयसिंह नम्रपणे म्हणाला, "एवढं सगळं आसल्यावर अण्णांना आमच्यात कसं बसवायचं? विभागाची काय शुद्धता हाय का न्हाय?"

ठराव एकमताने मंजूर झाला. अण्णांना बाहेर पायरीवर बसवण्यात आलं.

आत साक्षी चालूच होत्या. रस्त्यानं जाणारा एकजण थबकला. "पावणं, काय केलंसा म्हणायचं?" अण्णांनी आतल्या आवाजांकडे बोट दाखवलं, तेव्हा तो खिडकीला कान लावून त्यांच्याशेजारी ऐसपैस टेकला. मग आणखी दोघे आले.

अण्णांनी नेमकं काय काय केलं होतं, ते इथे सांगितलेलं नाही. ते कळलं नाही म्हणून आपल्याला चुटपुट लागली असेल, तर या. पायरीवर अजून जागा आहे.