रक्ताने नामंजूर केलेली पोटदुखी

हेडक्लार्कसाहेबांच्या पोटात दुसऱ्याचे आतडे बसवले आणि ते व्यवस्थित रुजू झाले. 'रुजू' हा शब्द त्यांचाच. ज्याची सगळी हयात कचेरीत गेली, त्याच्या पोटात आतडेसुद्धा रुजूच होणार. कुणा अनोळखी माणसाने जाता जाता दिलेले ते दान. त्या अनोळख्यासाठी साहेबांची बायको रोज सकाळी हात जोडी. साहेब म्हणत, "एवढ्यात पाया पडू नकोस. अजून प्रोबेशनवर आहे."

तेही खोटे नव्हते. शरीर परक्या अवयवावर केव्हा उलटेल याचा नेम नसतो. उलटले आणि वेळेत कळले नाही, तर आतडे जाते आणि त्याच्यामागोमाग माणूसही. म्हणून पूर्वी नळी घालून आतड्याचा कण काढून तपासत. मग इस्पितळात नवी सोय आली, नुसते रक्त घ्यायचे. नव्या आतड्याला इजा झाली की त्याच्या खुणा रक्तात सांडतात, त्या मोजायच्या. वाढल्या की सावध व्हायचे. सोय सुरेख होती, म्हणून तिच्यावर समिती नेमण्यात आली.

समितीने विचारपूर्वक ठरवले, की ज्याचे रक्त वेगळे त्याचे नॉर्मलही वेगळे असावे. संगणकाने प्रत्येकाच्या मागच्या आकड्यांची सरासरी काढावी आणि तिच्या आसपास जो असेल तो ठणठणीत समजावा. शिवाय रुग्ण काहीबाही बोलतात, सबब 'रुग्णाचे म्हणणे' हा रकाना रद्द करण्यात यावा.

आता पाहा गंमत. साहेबांचा आकडा हळूहळू वाढू लागला. त्याबरोबर सरासरीही वाढली. फिरायला निघालेल्या म्हाताऱ्या जोडप्यासारखी दोघे मागेपुढे, पण एकमेकांना धरून चालली. रिपोर्ट दर वेळी तोच येई, 'नेहमीप्रमाणे.'

"अहो, पोट दुखतंय का?" बायकोने विचारले. साहेब उशी पोटाशी आवळून बसले होते.

"दुखतंय तसं. पण अधिकृतपणे नाही."

"म्हणजे काय?"

"अगं, रिपोर्ट नॉर्मल आहे. त्याच्यावर मी कोण बोलणार?"

"तुम्ही? पोटाचे मालक!"

"आतडं परक्याचं आहे. माझ्याकडे फक्त ताबा," साहेब म्हणाले आणि मोरीकडे धावले.

बायकोने त्यांना धरून इस्पितळात नेले. तिथला तरुण डॉक्टर स्वभावाने फार गोड होता. त्याने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि तो संगणकाच्या पडद्याकडे पाहू लागला.

"डॉक्टर, जरा यांच्याकडे बघा हो."

"बघतोय ना, ताई." त्याने पडदा आणखी जवळ ओढला. "छान आहेत."

"अहो, उलट्या होताहेत त्यांना!"

"त्याला रकाना नाही हो," डॉक्टर अगदी ओशाळून म्हणाला.

"मग नळी घालून तरी बघा."

"नळीला मंजुरी रक्त देतं. आकडा एकदम उसळला तर. यांचा कसा, शिस्तीत वाढतोय."

इतक्या वेदनेतही साहेबांची मान ताठ झाली. "ऐकलंस? शिस्तीत," ते बायकोला म्हणाले आणि खुर्चीतच दुमडले.

त्यांना तसेच धरून ती बाहेर पडली. व्हरांड्यातून आतडे बसवणारे सर्जन लगबगीने चालले होते. ते थबकले. "हा काय चेहरा झालाय? सरळ उभे राहा पाहू." साहेबांना उभे राहता येईना. सर्जननी पोटावर हात ठेवला, हलकेच दाबले, आणि साहेब असे ओरडले की दोन खोल्यांतले लोक बाहेर आले.

"आत घ्या यांना. आत्ताच्या आत्ता!"

नळी घातली. शरीर आतड्यावर उलटलेच होते. आणखी थोडा उशीर झाला असता, तर आतडे हातचे गेले असते. जबर औषधे सुरू झाली. आतडे वाचले, साहेब वाचले. हळूहळू दोन घास पचू लागले.

घरी आल्याआल्या त्यांनी कागद मागितला आणि सर्जनविरुद्ध तक्रार लिहायला घेतली.

बायको पाहतच राहिली. "अहो, त्या देवमाणसानं जीव वाचवला तुमचा!"

"नाही कोण म्हणतं? पण कुठल्या नियमाखाली वाचवला? रक्ताची मंजुरी नसताना, नुसता हात लावून?"

"देवानं जन्मतःच पोटात यंत्र बसवून दिलंय. दुखणं म्हणतात त्याला. रिपोर्ट जागच्या जागी मिळतो."

"त्यावर सही कुणाची असते?" साहेबांनी विचारले.

तक्रार मान्य झाली. सर्जनना ताकीद मिळाली. समितीच्या वार्षिक अहवालात साहेबांचे उदाहरण नव्या पद्धतीचे उत्तम यश म्हणून छापून आले, कारण एवढे मोठे आजारपण येऊनही त्यांचा आकडा शेवटपर्यंत नॉर्मलच होता.

हसा, खुशाल हसा. पण आज सकाळी डोळे उघडल्यावर, रात्री झोप नीट लागली होती का, हे तुम्ही कुणाला विचारलंत? मनगटावरच्या घड्याळालाच ना? ते 'कमी' म्हणालं, तेव्हा कुठे तुम्हाला जांभई आली.