दुसऱ्याचं वाक्य पुरं करणारे दिवाकरभाऊ

आमच्या नागपूरच्या प्रताप नगरात दिवाकरभाऊंसमोर आजवर कोणाचंही वाक्य स्वतःच्या बळावर पूर्ण झालेलं नाही. तुम्ही नुसतं "आज फार ऊन..." म्हणा, "...तापून राहिलं, अन् कूलरमधलं पाणी संपलं, असंच ना?" म्हणून ते तुम्हाला मोकळं करतात. बरं, पाणी खरंच संपलेलं असतं. मग भांडता काय?

अर्थात, याच खोडीवर त्यांचं पोट चालतं. सुरुवात गणेश मंडळाच्या माइकवरून सूचना देण्यापासून झाली. आता इथल्या केबल चॅनलवर ते 'तोंडावर बोला' हा राजकीय चर्चेचा कार्यक्रम चालवतात. एकदा एक पुढारी छाती फुगवून म्हणाले, "आम्ही जनतेला..." भाऊ म्हणाले, "...आश्वासनं देऊन राहिलो, असंच ना?" पुढारी बोलण्याच्या ओघात "हो" म्हणून बसले. त्या एका "हो"नं भाऊ शहरभर प्रसिद्ध झाले.

माझ्या पुतणीच्या लग्नात तर कहर झाला. नवरी लाजत उखाणा घेत होती, मध्येच जरा अडखळली, आणि मागच्या खुर्चीवरून भाऊंनी यमक जुळवून नवरदेवाचं नावही घेऊन टाकलं! मांडवात हशा पिकला. त्यांच्या बायकोनं, म्हणजे शोभावहिनींनी, कपाळाला हात लावला. "यायच्या तोंडाले कुलूपच नाही जी," त्या मला म्हणाल्या.

गेल्या पावसाळ्यात याच वहिनींना अर्धांगवायूचा झटका आला. धंतोलीच्या दवाखान्यातून त्या चालत घरी आल्या, पण वाचा काही परतली नाही. सगळं कळायचं, शब्द मात्र ओठांवर येईना. बोलण्याचा सराव करून घेणाऱ्या बाईंनी भाऊंना बजावलं, "त्यांचा शब्द त्यांनाच शोधू द्या. तुम्ही पुरवलात, तर त्या शोधणंच सोडून देतील."

मला वाटलं, झालं! मांजराला दुधाची राखण सांगितली. वहिनी आता कायमच्या मुक्या.

परवा सकाळी त्यांच्याकडे गेलो. भाऊंनी स्वतः पोहे केले होते. वहिनींनी एक घास खाल्ला आणि चमचा खाली ठेवला.

"सां..." म्हणाल्या, आणि अडल्या.

पोह्यांवर सांबार नव्हता. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो. शब्द माझ्या जिभेवर आलाच होता. भाऊंनी डोळे वटारून मला गप्प केलं. स्वतःच्या तोंडावर तर त्यांनी तळहात घट्ट दाबून धरला होता. चॅनलचा फोन वाजून वाजून बंद झाला. पोहे गार झाले. वहिनी पुन्हा "सां..." म्हणत, पुन्हा अडकत. शेवटी रडकुंडीला आल्या. मला बघवेना. भाऊ जागचे हलले नाहीत, फक्त मानेनं 'हं, हं' करत राहिले.

"सांबार," वहिनी म्हणाल्या. मग दम घेऊन, "सांबार... नाही... टाकला."

झटक्यानंतरचं पहिलं अख्खं वाक्य, आणि तेही तक्रारीचं!

"विरोधी पक्ष परत आला गा घरात!" भाऊ मला म्हणाले आणि ढसाढसा रडायला लागले. मीही रडलो, त्यात लाज कसली? मला वाटलं, आता भाऊ इतक्या दिवसांचं तुंबलेलं सगळं बोलून घेतील. पण त्यांनी डोळे पुसले, खुर्ची वहिनींजवळ ओढली आणि त्यांचा हात हातात घेतला.

"अजून बोल वं," ते म्हणाले. "मी आयकून राहिलो."